तुझ्या दाढेतला धागा

प्रिय माय,

आज मी त्या दाताच्या डॉक्टरांचा जिना चढले. सहा वर्षांनी. तू असतीस तर म्हणाली असतीस, "आत्ता सुचलं का गं बाई?" हो, आत्ता सुचलं. तू जाऊन तीन महिने झाल्यावर. म्हणून तर लिहायला बसले.

कारण तसं साधंच. माझ्याही हिरडीतून रक्त यायला लागलंय. डॉक्टरांनी तोंड तपासलं आणि विचारलं, "बाई, पिन वापरता का?" मी नाही म्हणाले. वीस वर्षं शाळेत पोरांना खरं बोला म्हणून सांगणारी मी, त्या खुर्चीवर आ वासून खोटं बोलले! त्यांनी माझ्या काकणांकडे फक्त एकदा पाहिलं. तिथं तुझीच पिन लटकत होती.

आठवतं ना, तुझ्या काकणात कायम दोन पिना असायच्या? मोठी पायातला काटा काढायला, धाकटी दातांना. जेवण झालं की तुझे मालक, म्हणजे आमचे दादा, ओसरीवर बसून चांदीच्या कोरण्यानं दात कोरायचे. चार माणसांशी बोलत, ऐटीत, सुपारीचे कण अंगणात उडवत. तू चुलीपाशी, भिंतीकडे तोंड करून, पदराआड. अंबाडीच्या भाजीचे धागे, तुरीची सालं. पिन फिरवायचीस, रक्त आलं की चूळ भरायचीस आणि पिन पदराला पुसून परत काकणात. मी एकदा म्हटलं होतं, "माय, तू पण दादांचं कोरणं घे की." तू केवढी हसलीस! "बाईचे दात कोण बघायलंय?"

कुणीच बघत नव्हतं. तेच तर झालं.

दाढ ठणकायला लागली तेव्हा तू दोन महिने लवंग धरून काढलेस. शेवटी मीच भांडून तुला पालमहून परभणीला आणवलं. दादा सोबत आले. तू एकटी कशी येणार? बाजारच्या रस्त्यावर, कापडदुकानाच्या वर, नवा दवाखाना. डॉक्टर तिशीतले. ते हात धुऊन आले. तू खुर्चीत बसून डोळे घट्ट मिटलेस आणि तोंड उघडलंस. आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसापुढे पदर बाजूला करून.

आणि दादांनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, तुमी कुठले?"

"जिंतूरकडचा."

"आडनाव काय म्हणलात?"

डॉक्टरांनी सांगितलं.

"आन् घर गावात कोणत्या बाजूला हाय?"

डॉक्टर ओल्या हातांनी तसेच उभे राहिले. बोटांवरून पाणी ठिबकत होतं. त्यांनी तेही सांगितलं, सरळ दादांकडे बघून. दादा उठले. "चला, बस चुकंल."

बस तीन तासांनी होती, माय! तुला माहीत होतं, मला माहीत होतं, डॉक्टरांना तर सगळंच माहीत होतं. तू उघडलेलं तोंड मिटलंस आणि पदर ओढून घेतलास. आणि मी? मी तुझी पिशवी उचलली. तुमच्या मागून जिना उतरले. विद्यापीठाच्या नामांतरावरून रान पेटलं होतं त्या वर्षी आपल्या गावात काही घडलं नाही, हे दादा किती अभिमानानं सांगायचे! आपण कसे शांततेनं राहिलो, म्हणायचे. त्या दिवशी मी पण शांतच राहिले.

खाली आल्यावर छत्री राहिली म्हणून मी पुन्हा वर गेले. छत्री हातातच होती. माफी मागायची होती, पण तीही नीट मागता आली नाही. डॉक्टरांनीच टेबलाच्या खणातून एक डबी काढली. मुंबईहून मागवलेला मेणाचा धागा. "तुम्ही शिक्षिका ना? मग आईंना शिकवा," म्हणाले. आरशात बघून त्यांनी स्वतःच्या दातांवर दाखवलं. हातभर धागा तोडायचा, दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळायचा, फटीत हळू सरकवायचा. करवतीसारखा ओढायचा नाही, दाताला वळसा देऊन वर-खाली पुसायचं. पुढच्या फटीला धाग्याचा कोरा भाग. "पहिले काही दिवस रक्त येईल, भिऊ नका. फट मोठी असेल तर बारीक ब्रश मिळतो, पण तो इथं येत नाही. पिन, खराट्याची काडी, आगपेटीची काडी बंद करायला सांगा. आणि ती दाढ कुणालातरी दाखवा."

जिन्यापर्यंत आले तर मागून म्हणाले, "यात माझा हात लागायची गरज नाही."

माय, ते रागानं म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं.

दाढ दाखवायचं राहूनच गेलं, पण धागा तुला मी शिकवला. पहिल्यांदा धागा घातलास तर डाव्या बाजूनं एवढा मोठा सुपारीचा तुकडा निघाला, आणि तू तो तळहातावर घेऊन म्हणालीस, "अगं, हा तर तुझ्या लग्नातला असंल!" किती हसलो आपण. तेवढ्यात दादा आत आले. डबी कुठली ते त्यांनी विचारलं, आणि मी सांगून टाकलं. तिथं तरी मला खोटं बोलता आलं असतं! "त्याच्या हातचं तोंडात घालायचं न्हाई," एवढंच बोलले आणि हात धुवायला गेले.

पुढच्या सुट्टीत आले तर डबी रिकामी. मला वाटलं, तू चोरून वापरतेस. आनंद झाला! तर तू गळ्यातलं मंगळसूत्र पुढं केलंस. त्या धाग्याचे तीन पदर करून, काजळ चोळून, काळे मणी नव्यानं ओवले होतेस. "लय चिवट हाय. आता वरसावरसाला ओवायचं काम न्हाई."

मी किती बोलले तुला! माय, अडाणी आहेस का तू? तुझ्या दातांसाठी आणला होता तो! तू शांतपणे म्हणालीस, "तोंडात घालायचं न्हाई म्हणले. गळ्याचं काई बोलले न्हाईत."

मी तेव्हा फणकाऱ्यानं उठून गेले. आता विचारते, खरं सांग. तो भोळेपणा होता, का तू मुद्दाम केलंस? चार वर्षं दादा रोज तुझ्या गळ्यातला तो धागा बघत होते.

दादा गेले. दहाव्याला आत्यानं तुझी काकणं फोडली तेव्हा पिना खाली पडल्या. बायका रडत होत्या आणि तू काचांतून धाकटी पिन शोधत होतीस. मग आत्यानं मंगळसूत्राला हात घातला. ओढलं. तुटेना. पुन्हा ओढलं. तुझी मान पुढं आली, गळ्यावर लाल वळ उठला, पण धागा हलेना. कुणीतरी म्हणालं, "जीव अडकलाय गं त्याचा!" आणि बायकांनी आणखी मोठ्यानं गळा काढला. मी तुला धरून बसले होते. तू माझ्या कानाशी म्हणालीस, "त्या डाक्टरचा हाय. तुटायचा न्हाई." शेवटी दादांचाच अडकित्ता आणला, तेव्हा कुठं तुटला.

गळा मोकळा झाल्यावर तू सिंधूकरवी निरोप धाडलास. तुझी सून एसटीतून उतरली ती हसतच आली. "वन्सं, सासूबाई म्हणल्यात, आता तोंडात घालू नगं म्हणणारं कुणी न्हाई. शकूला म्हणावं तसली डबी आण. या टायमाला दातालाच लावीन, देवाशप्पत."

सत्तरीला टेकलेल्या बाईनं मागितलेली ती एकच वस्तू. आणि मी काय केलं?

तीनदा त्या जिन्याखाली जाऊन परत आले. वर जाऊन काय म्हणू? वडील वारले, आता द्या? लाज वाटत होती मला. आपल्या माणसाची लाज वाटली की आपण सोवळे झालो असं वाटतं का गं? तसं काही होत नसतं. चौथ्यांदा मी कापडदुकानातूनच शिवणाचं पांढरं रीळ घेतलं, मेणबत्तीवर थोडा धागा घासला आणि पुढच्या खेपेला आलेल्या सिंधूच्या पिशवीत टाकला. तोच समज, म्हटलं. काय फरक पडतो?

फरक पडला. दाढांची फट घट्ट होती, सुती धागा तुटला आणि अर्धा आतच बसला. तू तो पिनेनं उकरलास. रोज उकरलास. हे मला सिंधूनं नंतर सांगितलं. "मी म्हणलं वन्सन्ला कळवते, तर म्हणल्या, शकूला सांगू नगं. तिनं हौसेनं पाठवलाय, तिला वाईट वाटंल."

माय, वाईट वाटू द्यायचं होतंस ना मला! एकदा तरी!

चार दिवस तू पदराआड सूज लपवलीस. त्या पदराआड तू काय काय लपवलंस? पाचव्या दिवशी सूज गळ्याखाली उतरली आणि पाणी गिळेना, तेव्हा सिंधूनं पदर ओढून बाजूला केला आणि तुझ्या लेकानं, बापूनं, जीप केली. मी परभणीत मोठ्या दवाखान्याच्या दारात उभी होते. जीप आली. बापू उतरला आणि तिथंच जमिनीवर बसला. जीपमध्ये बघायच्या आधीच मला कळलं.

हे सगळं आज डॉक्टरांना सांगितलं. इतकी वर्षं न चढलेला जिना आज कसा चढले, तेही सांगते. विद्यापीठाचं नाव बदललं. शाळेत एका गुरुजींनी पेढे वाटले. काहींनी घेतले, काहींना अचानक वह्या तपासायच्या होत्या. मी घेतला. पण घ्यायच्या आधी इकडंतिकडं बघितलं. पेढा तोंडात होता आणि मला स्वतःचीच किळस आली. शाळा सुटल्यावर पाय तिकडंच वळले.

डॉक्टरांना आता चष्मा लागलाय. सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं, म्हणतील, तुमचा दोष नाही. तसं म्हणाले नाहीत. "एका धाग्यानं एवढं होत नाही, बाई. दाढ आधीच गेलेली होती. त्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं तेव्हा लांबूनही दिसली मला. पंधरा मिनिटांचं काम होतं."

पंधरा मिनिटं, माय. आणि आपण त्या स्टँडवर तीन तास बसलो होतो. दादा वर्तमानपत्र वाचत होते, तू गाल धरून होतीस, आणि मी तुझ्यासाठी केळी सोलत होते.

धाकटी पिन मी काकणातून काढली आहे. टाकवली नाही. पदराला लावलीय, पिनेचं काम तेवढंच. नवी डबी समोर आहे. आरशापुढं उभं राहून सगळ्या फटींतून धागा फिरवला. रक्त आलं. भिऊ नका म्हणाले होते, भ्याले नाही.

आता एक शब्द देते. सिंधूच्या काकणातही दोन पिना आहेत. तुझ्या तेराव्याला पाहिल्या मी. येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटली की तिला त्या जिन्यानं वर नेणार आहे. बापू सोबत येईल. ती एकटी कशी येणार? डॉक्टर हात धुऊन येतील आणि बापू घसा साफ करून म्हणेल, "डॉक्टरसाहेब, तुमी कुठले?" म्हणेलच तो, दादांचाच मुलगा आहे. आणि या वेळी मी पिशवी उचलणार नाही. मी म्हणेन, "बापू, तू खाली जाऊन बस. सिंधू, तोंड उघड."

तुझी,
शकू