वाटाड्याचा आवाज

१२ जानेवारी, शुक्रवार

…आणि दूध उतू जायच्या बेतात. एका हाताने गॅस बारीक करायचा, दुसऱ्या हातात ह्यांचे डबिंगचे कागद. हे खोलीच्या मधोमध अनवाणी उभे, पोटावर हात. वाटाड्याची वाक्यं ह्यांची, बाकी सगळ्यांची माझी. म्हातारी मी, सावकार मी, हरवलेली पोरगीही मीच! चादर पिळता पिळता मी ओरडायचे, "वाटाड्या, पूल तुटलाय!" आणि हे शांतपणे म्हणायचे, "चला, उजेड आहे तोवर." मग मी चादर झटकायचे, हे म्हणायचे, "जरा हळू. आवाजात पाणी उडतंय."

माझी शाळा चौथीत सुटली. वाचायला खरी शिकले ती त्या कागदांवर. तशीच ती एक सकाळ. काही विशेष नव्हतं. ह्यांच्या शर्टाचं बटण लावलं, मुलाला शाळेत पिटाळलं, कामावर गेले.

ती सकाळ आज थिएटरात अंधारात समोर उभी राहिली. कारण—

आज नाही जमत. उद्या लिहीन.

१३ जानेवारी, शनिवार

आता नीट लिहिते.

काल 'वाटाड्या'चा पाचवा भाग लागला. तिकिटं मुलानेच आणली. "आई, पहिला खेळ बघून ये. मैत्रिणीला ने." "आणि तू?" "मला दुकानात काम आहे." मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात एवढं काय काम असतं, देव जाणे. मी माझ्याबरोबर कपडेखोलीत चादरी धुणाऱ्या ढोलकीला घेऊन गेले. ती हसली की हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जातं, म्हणून ढोलकी.

सिनेमा परदेशी. डोंगर पार करून देणारा म्हातारा वाटाड्या, तो नटही तिकडचाच. पण आपल्या भाषेत त्याला आवाज ह्यांचा. चारही भाग ह्यांनीच केले. रिक्षावाले, मास्तर, शाळेतली पोरं, सगळे "चला, उजेड आहे तोवर" म्हणतात ते ह्यांच्या ढबीत. चौथ्या भागानंतर घसा गेला. वर्षभर पाटीवर लिहून बोलले. मग तेही थांबलं. चार वर्षं झाली.

तेव्हा पाचव्यात कुणीतरी दुसरा असणार, हे मनाशी पक्कं धरून गेले होते. ऐकू आणि घरी येऊ, एवढंच.

पडद्यावर नुसता बर्फ. माणूस दिसायच्या आधी आवाज आला.

"चला, उजेड आहे तोवर."

हे! हेच! श्वास घ्यायची जागासुद्धा तीच. थिएटरात शिट्ट्या. मी ढोलकीचं मनगट धरलं. तिला वाटलं मी खूश आहे, तिने माझी पाठ थोपटली. मला ओरडता येईना. दोन तास हे बोलत होते आणि मी दगडासारखी बसले होते.

आणि शेवटी वाटाड्या मेला! घाटात, अर्ध्या वाटेवर. सगळ्यांना तिथेच सोडून. त्या पोरीला म्हणाला, "पुढची वाट आता तुझी तू बघ. मी जरा बसतो." आणि बसला तो बसलाच.

माझा माणूस एक शब्द न बोलता गेला. तो काल भरल्या आवाजात मेला. चारशे लोकांसमोर.

दिवे लागले. मागून एकजण किंचाळला, "वाटाड्याला मारलं! ह्यांची हिंमत कशी झाली!" दुसरा त्याच्यावर धावून गेला, "गप रे! असाच जायला हवा होता तो!" एक चांगला धिप्पाड माणूस रुमालात तोंड खुपसून रडत होता. त्याची बायको त्याला, "अहो, उठा ना, लोक बघतायत."

घरी आले. मुलगा दारातच. "कसा होता?"

मी म्हटलं, "डोकं दुखतंय."

त्याचं तोंड पडलेलं दिसलं. पण विचारायचं त्राण नव्हतं.

१४ जानेवारी, रविवार

दिवसभर पडून. डोळे मिटले की बोलतात.

१५ जानेवारी, सोमवार

कपडेखोलीत आज घड्या कमी, भांडणं जास्त. शुक्रवार-शनिवारात सगळ्यांनी सिनेमा बघितलेला.

नर्सबाई नव्या चादरी न्यायला आल्या आणि तिथेच ठाण मांडून बसल्या. "कसला शेवट! मधेच सोडलं लोकांना. वाटाड्या असा सोडतो होय?"

बॉयलरवाला म्हणाला, "मेला की सोडणारच. मेलेला माणूस रजेचा अर्ज देऊन जातो काय?"

"तुम्हाला काय कळतंय! पहिल्या भागापासून जीव लावलाय आम्ही."

"मग तेवढाच जीव लावून निरोप द्या की. अजून दहा भाग काढून त्याला काठी टेकत फिरवायचं का?"

ढोलकी म्हणाली, "मला बाई आवडला. मी रडले पण, हसले पण. माझं पोट भरलं."

"तुझं कशानेही भरतं!"

सगळे हसले. मीही हसले असते. पण तेवढ्यात नर्सबाई म्हणाल्या, "आणि तो आवाज! आवाजाचा माणूस तर गेला ना? मशीनने काढलाय म्हणे. जुने तुकडे घालायचे, नवीन वाक्यं निघतात."

मग मी समोर असल्याचं त्यांच्या लक्षात आलं. बॉयलरवाला उगाच एका उशीची खोळ उलटी-सुलटी करत राहिला.

मशीन! ह्यांच्या गळ्याचे तुकडे करून मशीनमध्ये घातले!

१६ जानेवारी, मंगळवार

मोबाइलवर वाचत बसले. अर्धे म्हणतात, वाटाड्या परत आला, अंगावर काटा आला. अर्धे म्हणतात, हे पाप आहे, सिनेमा बंद पाडा. एकाने लिहिलंय, "मशीनचा आवाज लगेच ओळखू येतो. शब्द आहेत, ऊब नाही." त्याखाली शेकडो लोकांचे अंगठे.

मी मुलाला ते मोठ्याने वाचून दाखवलं. म्हटलं, "बघ, परक्या माणसाला कळतं."

तो अर्ध्या ताटावरून उठला. "पोट बरं नाही," म्हणाला.

१७ जानेवारी, बुधवार

संध्याकाळी दारात माणसं. वाटाड्याच्या चाहत्यांच्या मंडळाचा अध्यक्ष, भली मोठी दाढी, बरोबर पेपरवाल्या बाई. दाढीवाला माझ्या पायाच पडला. मला कसंतरीच झालं. "काकू, तुम्ही एक शब्द बोला. तुमच्या शब्दाला मान आहे. मग बघतो आम्ही कंपनीकडे."

बाई तरुण, पण बोलणं सभ्य. "तुम्हाला विचारलं होतं का कुणी?"

"नाही."

"काय वाटलं ऐकून?"

मी काही ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "मेलेल्या माणसाचा गळा चोरलाय. ज्याने कुणी केलं त्याला माणूस म्हणवत नाही."

दाढीवाल्याने डोळे पुसले. बाईंनी लिहून घेतलं. गेल्यावर मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा जेवण गोड लागलं.

१८ जानेवारी, गुरुवार

पहिल्याच पानावर! माझा फोटो, खाली माझंच वाक्य मोठ्या अक्षरात. चौकातल्या थिएटरवरचं पोस्टर मंडळाच्या पोरांनी फाडलं. कपडेखोलीत नर्सबाईंनी मला खुर्ची दिली. ढोलकी तेवढी म्हणाली, "तू एवढं कडक कधी बोलत नाहीस गं."

मुलगा सकाळी पेपर घेऊन उभा होता. "आई, हे तू म्हणालीस?"

"मग काय खोटं?"

पेपर घडी करून ठेवला. नीट, कडा जुळवून. आणि गेला. दुपारी निरोप आला, काही दिवस मित्राकडे राहतो.

काय झालंय ह्याला? बापाच्या बाजूने बोलले तर ह्याला लागलं!

२० जानेवारी, शनिवार

आज जे कळलं ते लिहायचं कसं?

रेकॉर्डिस्ट आले होते. ह्यांचे जुने स्नेही, स्टुडिओत आवाज भरून घेण्याचं काम त्यांच्याकडे. ह्यांच्या मागे एकदाही आले नव्हते. उभ्यानेच म्हणाले, "वहिनी, हे तुम्ही काय करून बसलात?"

माझा पारा चढला. "मी करून बसले? तुम्ही त्या मशीनसमोर बसला होतात ना?"

"कुठलं मशीन! मशीनचं करून बघितलं कंपनीने. डब्यातून बोलल्यासारखं यायचं. शेवटी माणूसच उभा केला मी. चपला बाहेर काढून, पोटावर हात ठेवून. शेवटचा सीन झाला तेव्हा काचेच्या अलीकडे मी रडलो, वहिनी. तीस वर्षांत रडलो नव्हतो."

"कोण माणूस?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं हे गेले त्या दिवशी डॉक्टरने बघितलं होतं. "म्हणजे… त्याने तुम्हाला अजून सांगितलंच नाही?"

मी खाली बसले. कुणाबद्दल बोलतायत ते विचारावं लागलं नाही.

ज्याने कुणी केलं त्याला माणूस म्हणवत नाही! पहिल्या पानावर! आईने!

२१ जानेवारी, रविवार

बोलावलं. आला. चहा ठेवला तो तसाच गार झाला.

"तू मला का नाही सांगितलंस?"

"तूच म्हणाली होतीस, घरात हा आवाज काढायचा नाही."

हे आजारी असतानाची गोष्ट. तेव्हा हा कॉलेजात. आतल्या खोलीतून एकदा ह्यांच्या आवाजात म्हणाला, "अगं, चहा टाक." मी साबणाच्या हातांनी धावत सुटले. वाटलं, आवाज परत आला! बघते तर हे पलंगावर, तोंड मिटलेलं. पोरगा हसत होता. माझा चेहरा बघून त्याचं हसू विझलं. तेव्हा मी तसं म्हणाले खरी.

"तू कामावर गेलीस ना," तो म्हणाला, "तेव्हा बाबांनी मला पाटीवर लिहून दाखवलं. 'परत म्हण.'"

"काय?"

"म्हटलं. तर मान हलवली, नाही म्हणून. लिहिलं, 'श्वास आधी.' मग रोजच. तू गेलीस की चपला काढायच्या आणि उभं राहायचं. वर्षभर शिकवलं त्यांनी मला, आई. पाटीवर."

मला धक्का कशाचा बसला ते इथेच कबूल करते. मुलाचा नाही. ह्यांचा! सगळा जन्म ह्यांच्यासमोर कागद धरून मी उभी. म्हातारी मी, सावकार मी. आणि शेवटच्या वर्षी माझ्या पाठीमागे बाप-लेकाची शाळा चाललेली! मला वाटायचं दिवसभर एकटे पडून असतात. वाईट वाटायचं म्हणून घाईघाईने घरी यायचे. मी चपला काढेपर्यंत ह्यांनी पाटी पुसलेली असायची.

चीड आली. मग रडू आलं. मग हसूसुद्धा. काय माणूस!

म्हटलं, "मग तुझं नाव का नाही पडद्यावर? कंपनीने गाळलं?"

"मीच घालू नका म्हटलं. नाव असतं तर तू माझा आवाज ऐकला असतास. मला वाटलं, तुला एकदा बाबा ऐकू येऊ देत." थांबला. "आलेही. पण तुला चोरी वाटली."

मी त्याच्या पायाशी बसायचीच बाकी होते. म्हटलं, "मी पेपरात सांगते. उद्याच."

"नको! आई, नको. आत्ता मशीनला शिव्या देतायत. मग मला देतील. नकल्या म्हणतील, बापाच्या जिवावर जगतो म्हणतील. त्यापेक्षा राहू दे बाबांचाच."

"आणि स्टुडिओत पुढचं काम?"

"एक विचारलंय त्यांनी. माझ्या स्वतःच्या आवाजात. नाही म्हणणार आहे."

"का रे?"

"माझा आवाज कसा आहे तेच मला माहीत नाही."

असं म्हणाला. माझ्याच पोराने. माझ्यासमोर बसून. आणि मला आठवून बघावं लागलं, की त्याचा आवाज कसा आहे. आठवेना! एवढी वर्षं घरात तो बोलतोय आणि मी दुसऱ्याच कुणाला ऐकतेय.

जाताना म्हणाला, "तुला हवं ते कर. मी अडवणार नाही."

लोक काय म्हणतील ते म्हणोत. अर्धे डोक्यावर घेतील, अर्धे तुडवतील. वाटाड्यालासुद्धा तुडवलंच की त्यांनी. पण नाव नसलेल्या माणसाला कुणी शाबासकी देत नाही, शिवीही देत नाही. त्याला नुसतं मशीन म्हणतात. आणि हे मंडळवाल्यांनी केलं नाही. ते वाक्य माझं होतं. तेव्हा पुढचं वाक्यही मीच बोलायला हवं.

२३ जानेवारी, मंगळवार

काल रजा टाकून पेपरवाल्या बाईंच्या कचेरीत गेले. म्हटलं, माझं मागचं बोलणं चुकीचं होतं, तसं छापा. तो आवाज माझ्या मुलाचा आहे. मुलाचं नाव सांगितलं, त्यांनी कसं लिहिलं ते वाचून बघितलं.

बाई म्हणाल्या, "म्हणजे यजमानांचा आवाज अजून जिवंत आहे, असं लिहू ना?"

मी म्हटलं, "नाही. हे गेले."