ओटा आक्काचाच

गंगाखेड
१२ ऑगस्ट २०२५

ती. आक्काच्या पायांवर मुंजाजीचं डोकं. वि. वि.

पाकीट बघून हसू नको. पोस्टातल्या बाईनंही मला दोनदा विचारलं की पत्रच ना, पार्सल न्हाई ना. पण तुला फोन केला की तुझी सून शिवकन्या तो लगेच स्पीकरवर टाकते. मग तुझ्या आधी दाजी खोकतात, तात्याराव सल्ला देतात आणि तू बरी आहे एवढं म्हणून मोकळी होतेस. पत्राला स्पीकर नसतो.

राखीला येऊन गेलो तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. तीस वर्षं खानावळ चालवणाऱ्याचे कान स्वयंपाकघराकडंच असतात. भाकरी कोण थापतंय हे मी गल्ल्यावर बसून नुसत्या आवाजावर सांगतो. तुझ्या घरी सकाळपासून बसलो. मिक्सर चार वेळा ऐकला, भाकरीची थाप एकदाही नाही. आई गेल्यावर मला अकराव्या वर्षी काटवटीपुढं बसवून भाकरी शिकवणाऱ्या बाईच्या घरात!

तुला काय दिलं तेही बघितलं. गव्हांकुराचा रस, दुधीचा रस आणि बिनमिठाचा भोपळा. कपाटावरचा तात्यारावांचा तो कागदही वाचला. दाजींचे हे चुलतभाऊ पाटबंधाऱ्यात कारकून होते, रिटायर झाल्यापासून मोबाईलवर डॉक्टर झालेत. दूध बंद, गूळ बंद, मीठ बंद, डाळी बंद, शेंगदाणे बंद, ज्वारी उष्ण म्हणून तीही बंद. चालू काय आहे ते शोधलं तर पाणी सापडलं. आक्का, ऑपरेशन सोसलंस, केमो सोसली, किरणांचा शेक सोसलास, केस गेले तरी वालूरच्या बाजारात डोक्यावर पदर न घेता हिंडलीस. आणि आता एका कागदापुढं गप्प?

एस.टी.च्या ड्रायव्हरबरोबर डिंकाचे लाडू पाठवलेत, साजूक तुपातले, हात न आखडता केलेले. पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन येतो आणि तुला गंगाखेडला आणतो. दाजींशी काय बोलायचं ते मी बोलतो.

जास्त काय लिहू. लाडू लपवून खा, आणि माझ्यावरची माया उघड ठेव.
तुझा मुंजाजी

*

वालूर
२१ ऑगस्ट २०२५

चि. मुंजाजीस आक्काचे अ. आ., आणि डोक्यात एक टपली.

लाडू पोचले. अरे, मी आजारातून उठले आहे, बाळंतपणातून नाही. एक फोडला तर तूप कोपरापर्यंत ओघळलं. अर्धा मी खाल्ला, पाच तात्यारावांनी खाल्ले. खाता खाता म्हणत होते की वहिनी, डिंक म्हणजे तुमच्यासाठी विष हाय, असलं घरात ठिवूच नका.

तुम्ही दोघं एकाच गावचे. ते मला वाळवायलेत, तू पैलवान करायला निघालास, आणि माझ्या हातात पळी कुणालाच नको आहे. संभाजीनगरच्या दवाखान्यातल्या आहाराच्या निकिता मॅडमनी मला सरळ सांगितलं होतं की काकू, घरचंच जेवा. डाळ रोज, पालेभाजी पोटभर, दूध-ताक चालेल, तेल-मीठ हात राखून, गोड सणापुरतं, आणि रोज चाला. तो कागद पिशवीतच राहिला. कपाटावर लागला तात्यारावांचा. जो भेटायला येतो तो माझ्या ताटाशी बोलतो, माझ्याशी कोणी बोलत नाही.

गेल्या शुक्रवारी सगळे खुरपायला गेले तेव्हा मी परात घेतली. ऑपरेशन उजव्या बाजूचं. काखेतल्या गाठी काढल्यापासून उजवा हात नाकाच्या वर जात नाही. पण व्यायामाच्या बाईंनी बजावलं आहे की हात वापरा, फक्त भाजू-कापू देऊ नका. तिसऱ्या थापेला खांद्यात कळ आली आणि भाकरी मोडली. मोडकीच भाजली, वरणात कुस्करली आणि खाल्ली. वर्षभरानं जेवल्यासारखं वाटलं.

शिवकन्येनं घरी आल्यावर माझ्या कोपराला पीठ बघितलं. रागावली असती तर भांडता आलं असतं. ती रडली. संध्याकाळी पिठाचा डबा ओट्यावरून वरच्या फळीवर गेला. तो दोन हातांशिवाय उतरत नाही, हे तिलाही माहीत आहे. तिला नावं ठेवू नको. केमोच्या दिवसांत माझ्या उशाशी तीच बसली होती.

घरात स्टूल आहे. पण स्टुलावर चढून डबा काढला तर ती चोरी झाली. माझ्याच घरात मी चोरी करणार नाही.

गाडी आणू नको, दाजींना एक अक्षर बोलू नको. भांडण माझं आहे. तू भाऊबीजेला जेवायला ये. तोवर डबा मी जमिनीवर उभी राहून दोन्ही हातांनी उतरवीन आणि तुला भाकरी वाढीन. नाही जमलं तर तुझ्या गाडीत मुकाट बसते, मग घाल किती तूप घालायचं ते.

आशीर्वाद भरपूर आहेत, लाडू पुरे.
आक्का

*

गंगाखेड
६ सप्टेंबर २०२५

ती. आक्का, कान पकडून नमस्कार. वि. वि.

दाजींना एक पत्र लिहिलं होतं. चार पानी, तिखट. तुझं पत्र आलं आणि ते फाडलं. पैज मंजूर. तुला गाडीत बसवायची मला लय हौस आहे, पण त्याहून हौस हरायची आहे.

तुझ्या टपलीनं माझे कान उघडले ते सांगतो. खानावळीत दोन गुरुजी रोज दुपारी जेवायला असतात. परवा एक दुसऱ्याला हळूच म्हणत होते की मुंजाजीशेठच्या रश्श्यावर तर्री एवढी असते की वाकलं तर आपलं तोंड दिसतं. हे वाक्य मी आजवर कौतुक समजत होतो. आता कळलं की दोघंही आधी तर्री वाटीत काढून ठेवतात आणि मग जेवतात. कमी तेलाचं वरण करून बघितलं, तर आचारी म्हणला की हे औषध हाय का जेवण, आधी ते सांगा. त्याचं खोटं नव्हतं. थोड्या तेलात चव कशी राखायची ते तूच लिही. शेवटी मी तुझाच चेला.

एक खरं सांग. राखी बांधताना तुझ्या बांगड्या कोपराकडं घसरत होत्या. किती उतरलीस? आणि ओवाळणी काय आणू तेही कळव. साडी म्हणू नको, तुला साड्या नेसायला आवडत नाहीत, वाटायला आवडतात.

राग निवला असेल तर उत्तर मोठं लिही.
मुंजाजी

*

वालूर
३० सप्टेंबर २०२५

चि. मुंजाजीस अ. आ.

उशीर झाला. पावसानं सोयाबीन पाण्यात उभं आहे, दाजी घरात असून नसल्यासारखे आहेत.

तू खरं विचारलंस म्हणून खरं लिहिते. मागल्या बुधवारी तपासायला गेले, मुद्दाम शिवकन्येला घेऊन. मे महिन्यापासून वजन सहा किलो उतरलं. डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं की रिपोर्ट बरे आहेत, मग या बाईला उपाशी कोण ठेवतंय. असंच उतरत राहिलं तर पुढचं औषध झेपणार नाही म्हणाले. निकिता मॅडमनी शिवकन्येला समोर बसवून एकेक पदार्थ सांगितला. तिनं हातावर पेनानं लिहून घेतला.

येताना सेलूपर्यंत ती हातावरचं लिहिलेलं वाचत बसली. मग खिडकीकडं तोंड करून म्हणाली की आत्याबाई, माझी आई याच आजारानं गेली, मी नऊ वर्षांची होते, आणि ती गेली त्या सकाळीही चुलीपुढं बसली होती. मला ओट्यापाशी उभं बघितलं की हिला तेच दिसतं. मी एवढ्या दिवसांत तिला विचारलंच नव्हतं, ही माझी चूक. मी तिला म्हटलं की पोरी, तुझ्या आईला कुणी औषध दिलं नाही, मला दिलंय. मी मरायला नाही, जेवायला उभी राहते.

घरी आल्यावर ती फळीकडं हात करून म्हणाली की डबा काढून देते. मी नको म्हटलं. आता तो मीच काढणार.

व्यायाम असा आहे. भिंतीला तोंड करायचं आणि बोटं मुंगीसारखी वर चढवायची. जिथं थांबतील तिथं मी पिठाचं बोट टेकवते. ऑगस्टात कॅलेंडरच्या खालच्या काठीशी होते, आज खिळ्याशी आहे. खिळ्यापासून फळी वीतभर. दाजी भिंत खराब होते म्हणाले. मी म्हटलं, होऊ द्या.

तात्यारावांचा कागद मी काढला आणि त्यांच्यासमोर दुधाचा चहा प्यायले. त्यांना गव्हांकुराचा रस दिला, पेलाभर. म्हणाले, सकाळी घेतला हाय. रस कधी न घेतलेला माणूस आहे तो.

आता वरण. तूर मऊ शिजव, घोटू नको, पळीनं मोड. लसूण तेलात बुडवू नको. कोरड्या तव्यावर डाग पडेपर्यंत भाज आणि ठेच. जिरं, हिरवी मिरची, मूठभर चुक्याची पानं. चुक्याच्या आंबटानं मीठही कमी लागतं. सगळ्या घराच्या वरणाला एक चमचा तेल, तेही शेवटी. आचाऱ्याला म्हणावं, औषध नव्हे, आमच्या आक्काचं जेवण आहे.

ओवाळणीत हलकी परात, लांब दांड्याचा तवा आणि लांब चिमटा आण. हात भाजू द्यायचा नाही.

बाकी भेटीत. जीव लाव, जीव टांगू नको.
आक्का

*

गंगाखेड
२५ ऑक्टोबर २०२५

ती. आक्कास हरलेल्या भावाचा नमस्कार. वि. वि.

परवा तुझ्यासमोर बोललो नाही ते लिहितो. भाऊबीजेला मी साडेअकराला आलो असं तुला वाटतं. मी अकरालाच आलो होतो. चप्पल काढली आणि तवा-परात काखेत घेऊन दारातच थांबलो, कारण आत शिवकन्या विचारत होती की आत्याबाई, खाली धरू का, आणि तू तिला म्हणालीस की तू बस आणि लसूण सोल.

मग डबा फळीवर सरकल्याचा आवाज आला. सरकला आणि थांबला. आक्का, त्या थांबण्याएवढं लांब काही मी ऐकलेलं नाही. आत लसूण सोलणंही थांबलं होतं. परत सरकला. मग ओट्यावर डबा टेकल्याचा आवाज आला, आणि शिवकन्या जे हसली ते रडण्यासारखंच होतं.

तरी मी आत आलो नाही. मला थाप ऐकायची होती. लहानपणापासून ओळखतो ती तुझी थाप सलग होती, पाऊस लागल्यासारखी. ही तशी नव्हती. दोन थापा, मग दम. दोन थापा, मग दम. डोळे बांधून मला शंभर बायकांत बसवलं तरी आता ही ओळखीन. तीन भाकऱ्या होईपर्यंत उभा राहिलो, मग मोठ्यानं खाकरलो.

भाकरी एका बाजूला जाड होती, कडेला चिरली होती. मी चार खाल्ल्या. तात्याराव नवा कागद खिशात घेऊन आले होते, तो खिशातच राहिला. दोन भाकऱ्या खाऊन दाजींना म्हणले की ज्वारी तशी थंडच असते.

तुझं वरण पाटीवर लावलंय. गुरुजी वाटीत काही काढून न ठेवता जेवले. आचारी आता म्हणतो की हे मला आधीपासून येत होतं.

गाडी रिकामी परत आणली. अशीच दर वर्षी रिकामी पाठव.
मुंजाजी

*

वालूर
३ नोव्हेंबर २०२५

चि. मुंजाजीस अ. आ.

दारामागं उभा राहून ऐकायची खोड तुझी लहानपणापासूनची. तात्यारावांना कळवते, ते त्यावरही कागद देतील.

वजन सव्वा किलो वाढलं. नवा तवा चांगला आहे, चिमटा शिवकन्येनं पळवला. सकाळची भाजी ती करते, भाकरी मी. हात संध्याकाळी थोडा सुजतो, तेव्हा उशीवर उंच ठेवते. सगळं गोड झालं असं लिहून तुला फसवत नाही. जानेवारीत परत तपासणी आहे. निघायचं ते निघेल. निघालं तरी त्या दिवशी मी जेवूनच जाईन.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी शिवकन्येनं डबा खाली ओट्यावर ठेवला होता. जुन्या जागी. म्हणाली, आता कशाला वर ठेवायचा. मी दोन्ही हातांनी उचलला आणि फळीवर परत ठेवला. रोज उतरवते, रोज वर ठेवते. दाजी भिंतीला चुना द्यायचा म्हणत होते. पिठाच्या बोटांना हात लावू दिला नाही.

हुरड्याला ये. माझी माया तुझ्या तर्रीपेक्षा दाट आहे, तेवढं ध्यानात ठेव. आता पुरं करते. अकरा वाजले, डबा उतरवायची वेळ झाली.
तुझी आक्का