गोड्या विहिरीवर जठारपेठेची स्वारी

जठारपेठ, अकोला
मार्च संपता संपता

आदरणीय साडभाऊ सुगतराव यांना देवरावचा मनापासून जय भीम.

तुमच्या गुडघ्याची चौकशी आधी करून घेतो, नंतर विसरेन. तेल लावता, की बाटली नुसती उशाशी ठेवून झोपता? दीपमालाची शुगर कशी आहे? (वाढली असेल तर कळवू नका. तिची बहीण इकडे ऐकते आणि माझा चहा बिनसाखरेचा होतो.) आमच्याकडे सगळं क्षेम आहे. ललिताचा बसलेला आवाज उघडला आहे, तेव्हा माझं कसं चाललंय ते वेगळं सांगत नाही.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. एक तर माझा जन्म पोस्टात गेला. दुसरं म्हणजे फोनवर प्रश्नही तुम्हीच विचारता आणि उत्तरही तुम्हीच देऊन मोकळे होता. आम्ही जठारपेठेतली शेजारपाजारची मंडळी फेब्रुवारीत अंदमानातल्या ज्या पिटुकल्या बेटावर जाऊन आलो, तिथे मे महिन्याच्या सुटीत अचलपूरहून दोन बसा भरतील एवढी मंडळी न्यायची तर जागा कशी आहे, असं तुम्ही विचारलं होतंत. जागा फार छान आहे. समुद्र निळा आहे, वाळू पांढरी आहे, शहाळी गोड आहेत. एवढं वाचून तुम्ही पत्राची घडी घालाल आणि बुकिंगला लागाल, म्हणून पुढचंही वाचावं ही विनंती.

बेट एवढंसं आहे, की सकाळी चहा घेऊन निघालेला माणूस जेवणाच्या आत सगळं फिरून परत येतो. त्यावर बोटीमागून बोट येते. उतरलेली माणसं एकाच खडकाकडे धावतात, खडकाकडे पाठ करून फोटो काढतात आणि परत बोटीत बसतात. (खडक नेमका बघितला कोणी, हे मला अजून कळलेलं नाही.) माझा स्वभाव तुम्ही जाणता. मला खडकाचं एवढं नवल वाटलं नाही, पण ही एवढी माणसं पाणी कुठलं पितात आणि त्यांचा कचरा जातो कुठे, हे कळल्याशिवाय घास उतरेना. म्हणून एका सकाळी मी कचऱ्याच्या गाडीमागे चालत निघालो. गाडी बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला थांबली. तिथे रिकाम्या शहाळ्यांचा आणि प्लास्टिकच्या बाटल्यांचा डोंगर होता, आणि पलीकडे तोच निळा समुद्र. गाडीवाल्याने मला विचारलं, काही हरवलं का? नुसतं बघायला आलो म्हटल्यावर त्याने मला खुर्ची दिली. इकडे येणारा मी पहिलाच पाहुणा, असं तो म्हणाला. ही गोष्ट मी ललिताला मोठ्या अभिमानाने सांगितली, तर तिने मला आधी पाय धुवायला पिटाळलं.

आता पाण्याची गोष्ट. आमचा मुक्काम शेफालीदीदींच्या घरी होता. बाई बंगाली, एकट्या. आजोबा फाळणीनंतर निर्वासित म्हणून त्या बेटावर आले, तेव्हापासूनचं त्यांचं घर. पुढच्या खोल्या पाहुण्यांना देतात, मागे विहीर आहे आणि तिच्यावर सगळी आळी पाणी भरते. चारी बाजूंनी समुद्र आणि मधे गोडं पाणी कसं, असं मी पहिल्याच संध्याकाळी विचारलं. दुधावर साय धरते ना, म्हणाल्या, तसं खाऱ्या पाण्यावर पावसाचं गोडं पाणी तरंगतं. ते हलक्या हाताने थोडं थोडं घ्यायचं. हावरटासारखं ओढलं की खालचं खारं वर चढतं, आणि एकदा चढलं की उतरेल कधी ते सांगता येत नाही. किनाऱ्याकडच्या विहिरी हॉटेलांच्या पंपांनी अशाच गेल्या. माझी गेली तर मला घर सोडावं लागेल, असंही म्हणाल्या. आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. आमच्या शेजारच्या माणिकबाईंनी तर पदराने डोळे पुसले.

आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दीदींच्या छोट्या पंपाचा आवाज झाला! सुगतराव, अकोल्यात नळाची वाट बघत ज्याचे केस पांढरे झाले, त्या माणसाला नळाचा आवाज ऐकून झोप लागत नाही. माणिकबाई ओरडल्या, ‘नळ आले वो!’ (काल डोळे पुसलेला पदर एव्हाना खोचलेला होता.) अख्खी जठारपेठ उठली. बादल्या भरल्या, आंघोळीचे मग भरले, चहाची किटली भरली, कचऱ्याचे डबे घासून भरले. वामनरावांनी तर दाताची कवळी काढून तिची वाटीसुद्धा भरून ठेवली. का भरतो आहोत, हे कोणी कोणाला विचारलं नाही. आपल्याकडे ते विचारायची पद्धतच नाही. त्याच्या पुढच्या पहाटे पुन्हा पंप लागला. आता आदल्या दिवशीचं पाणी शिळं झालेलं! आपल्या घरात नळ आल्यावर शिळं पाणी कोणी ठेवतं का? सगळं मोरीत ओतलं आणि ताजं भरलं. मीही ओतलं. किटली माझ्याच हातात होती.

तिसऱ्या पहाटे पंप खोकला आणि बंद पडला. नळाला शेवटी आलेल्या पाण्याचा मी घोट घेतला आणि किटली खाली ठेवली. मी खारपाण पट्ट्यातला माणूस. पूर्णाकाठच्या आमच्या गावात विहिरीचं पाणी तोंडात धरवत नव्हतं, दुरून गोडं आणायला लागायचं. त्या चवीत मी वाढलो, ती मी झोपेतही ओळखीन. पाणी मचूळ झालं होतं. दीदी मागच्या दारातून आल्या. ओरडल्या नाहीत. आमच्या भरलेल्या डब्यांकडे बघत त्यांनी खरोखरच्या कुतूहलाने विचारलं, ‘इतना पानी का आप लोग क्या करता है?’

ललिता म्हणाली, ‘करत काईच नाई वो बाई. नुसतं भरून ठेवतो.’

दीदींना वऱ्हाडी येत नाही, पण त्यांना कळलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, सुगतराव. घोटभर पाण्याच्या हक्कासाठी चवदार तळ्यावर गेलेल्यांची आपण लेकरं, आणि एका एकट्या बाईची विहीर आम्ही हौसेने बिघडवून ठेवली. मग भरलेलं सगळं आम्ही आळीत घरोघरी नेऊन दिलं. (कचऱ्याच्या डब्यातलं देताना माणिकबाई प्रत्येक दारात ‘धुतलेला हाय बरं!’ अशी ग्वाही देत होत्या.) उरलेले दिवस आंघोळ तांब्याभर पाण्यात. शेजारच्या खोलीत एक मोठ्या शहरातलं जोडपं होतं, त्यांना फवाऱ्याखाली उभं राहायची सवय. ललिता त्यांच्या न्हाणीघराच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसायची. तिचा आवाज बसला तो तिथेच.

असो. घरातल्या मोठ्यांना जय भीम, लहानांना पापे. गुडघ्याला जपा.

आपला साडभाऊ,
देवराव

ता. क. – जागा कशी आहे याचं उत्तर वर आलंच आहे. मे महिन्यात त्या विहिरीत पाणी सगळ्यात कमी असतं. तुमची सहल रद्द करा, हात जोडतो.

ता. क. दुसरा – ललिताने पत्र वाचलं. म्हणते, ‘आपन गेलो तं ते फिरनं, अन् सुगतभाऊ गेले तं गर्दी काहून?’ मुद्दा बिनतोड आहे. तरीही रद्द करा.

ता. क. तिसरा – पाकीट चिकटवणार तोच दीदींचा फोन आला. पाणी अजून मचूळच आहे. विहिरीला विसावा द्यायचा म्हणून मे महिन्यात घर बंद ठेवणार आहेत, पण मग स्वतः राहायचं कुठे? आयुष्यभर पाहुण्यांच्या गाद्या घातल्या, स्वतः कोणाच्या घरी पाहुणी म्हणून एक रात्र राहिल्या नाहीत, असं हसत हसत म्हणाल्या. मला ते ऐकवेना. मी त्यांना तुमच्या घरी बोलावलं आहे. तुमची माडी रिकामी आहे आणि विहिरीला सातपुड्याचं पाणी. माझ्याकडे बोलावलं असतं, पण इथले नळ तुम्ही जाणता.

ता. क. चौथा – त्या एकट्या नाहीत. सगळी आळी त्याच विहिरीवर पाणी भरते, त्यामुळे सगळीच आळी निघाली आहे. तिकडे बघण्यासारखं काय आहे असं विचारत होत्या, मी तुमचा फोटो पाठवला. दोन वेळच्या आंघोळीची सोय आहे का, असंही विचारलं, मी हो म्हटलं. परतीची तिकिटं मात्र कोणी काढलेली नाहीत. विहीर गोड झाली की जाऊ म्हणतात.