हिवाळ्यापुरतं

प्रिय हेलेना, थोरल्या बहिणीचा आशीर्वाद.

मी बरी आहे. आपल्या चर्चच्या मंडळीच्या या वृद्धाश्रमात ऊब आहे, जेवण वेळेवर मिळतं. इसब्रांटनं ‘हिवाळ्यापुरतं राहा, आई’ म्हणून मला इथे आणून सोडलं. पण काल तो माझं भिंतीवरचं घड्याळच घेऊन आला.

“चार महिन्यांसाठी घड्याळ कशाला रे?”

“तुला करमावं म्हणून.” तो खिळा ठोकत राहिला.

“माझ्या घरात कोण राहतंय?”

हातोडा थांबला. “आमचा अब्राम आणि त्याची बायको. आता कायमचेच.”

तुला ठाऊक होतं ना, हेलेना? म्हणूनच तुझ्या गेल्या पत्रात घराबद्दल अवाक्षर नव्हतं. मी रडले, मग लेकाला कॉफी दिली.

नातसुनेला सांग, मागच्या दाराची कडी जरा उचलून ओढायची, नाहीतर बोट चेमटतं.

तुझ्यावर रुसलेली, तरी तुझीच,
आगाथा