काळे पडलेले वाळे

५ नोव्हेंबर

आलो एकदाचे घाटकोपरला! सातवा मजला, दोन खोल्या, वर गॅलरी. लालबागच्या चाळीत अख्खा जन्म गेला, इथे नुसत्या हॉलमध्ये आमची जुनी खोली दोनदा मावेल. ही वही सुयोगने आणली. म्हणाला, आई, इथे गजाली मारायला चाळ नाही, तर हिच्याशी बोल. शहाणाच आहे मेला.

सूनबाईला, श्रुतिकाला, सहावा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी, देवगडला, ही रीत. पण मी आधीच सांगून टाकलं, माझं नातवंड याच घरात येणार. सुयोगच्या वेळी मी साडीचा पडदा लावून, दिराजावांच्या गर्दीत बाळंतपण काढलं. आता उजेड आहे, वारा आहे, तर तो कोणासाठी? विहीणबाई फोनवर नाराज वाटल्या. होऊ देत.

मागच्या भिंतीपलीकडे कचऱ्याचा जुना डोंगर आहे. माती टाकून बंद केलाय, वर गवतही उगवलंय. त्याच्या पोटात गॅस साठलाय म्हणे. तो काढायला कुठलीशी कंपनी बोअर मारतेय. दिवसभर घर्रघर्र. आमचे हे मिलमध्ये होते, मला आवाजाचं काय कौतुक!

१२ नोव्हेंबर

श्रुतिका म्हणते, अंडी कुजल्यासारखा वास येतो, डोकं चढतं. येतो थोडा, खोटं कशाला सांगू. पण तिला म्हटलं, गो, डोहाळ्यात नाक असंच तिखट होतं, मला तर तेव्हा नवऱ्याचासुद्धा वास सोसायचा नाही. हसली बिचारी. मग खिडक्या लावून घेतल्या.

आज गुपचूप एक केलं. बाळाला चांदीचे वाळे आणले. जन्माआधी काही घेऊ नये हे मला काय ठाऊक नाही? पण सोनाराच्या काचेत दिसले आणि राहवलंच नाही. कपाटात साडीखाली लपवलेत. कोणाला सांगणार नाही.

२ डिसेंबर

तपासणीला मीच गेले सोबत. तिथली सिस्टर मोठी गोड. या आजी, बसा आजी, पाणी देऊ का आजी. ऐकून अंगावर मूठभर मांस चढतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाची वाढ कमी दिसते. घराजवळ कारखाना, गॅस, धूर असं काही आहे का? श्रुतिका तोंड उघडणार, तोच मी बोलून मोकळी झाले, छे हो, हवा एकदम झकास.

का बोलले? खरं सांगितलं असतं तर त्यांनी तिला देवगडला धाडलं असतं, म्हणून.  

९ डिसेंबर

वाळे काळे पडले. नवे कोरे! देवाचं चांदीचं निरांजन काळं. श्रुतिकाच्या पायातली जोडवीसुद्धा.

माझंच पाप. आधी आणले ना, लागली दृष्ट. दुपारी श्रुतिकावरून मीठ, मोहरी, मिरच्या उतरवून तव्यावर टाकल्या. जळून कोळसा झाल्या, पण वास म्हणून आला नाही. म्हणजे चांगलीच लागली होती मेली! आता उतरली असेल. वाळे दंतमंजनाने घासून लख्ख केले.

१५ डिसेंबर

परत काळे. परत घासले.

गॅलरीत दोन कबुतरं मरून पडली होती. श्रुतिका उठायच्या आत केरात टाकली. उगाच घाबरायची.

एक बरं झालं, तो कुजका वास गेला. श्रुतिकालाही येत नाही. मशीन चालूच आहे, पण वास नाही. देव पावला.

२० डिसेंबर

श्रुतिका दिवसभर पडून. बाळ कमी हलतं म्हणते. म्हटलं, आळशी आहे, बापावर गेलंय. मग स्वतःच तिच्या पोटावर हात ठेवून बसले. हललं — हललं असं वाटलं.

जोडवी काढ म्हटलं, मी घासून देते. तिने पाय मागे घेतला.

२२ डिसेंबर

सुके बोंबील भाजायला ठेवले होते. ओट्याकडे पाठ करून मी वाटाणे सोलत होते, श्रुतिका समोर. दिवसभर बाहेर असलेला सुयोग खोकतच आत शिरला. ओरडला, जळतंय काय, लिफ्टपर्यंत वास येतोय!

वळले तर तव्यावर कोळसा. आणि मला वास नाही. श्रुतिकालाही नाही.

बोंबलाचा वास! चाळीत तीन मजले जायचा तो —

सुयोगने डॉक्टरांना फोन लावला, बोअरचं सांगितलं. त्या म्हणाल्या, हा गॅस चांदी काळी करतो, आणि नाक बधिर करतो. वास गेला म्हणजे गॅस गेला नव्हे. आत्ताच्या आत्ता तिला बाहेर काढा.

म्हणजे त्या दिवशी मिरच्यांनाही वास होता.

संध्याकाळ. हॉस्पिटल

बाकावर बसलेय. दार लोटलेलं आहे. आत श्रुतिकाच्या पोटाला मशीन लावलंय. मागच्या वेळी बाळाचे ठोके इथपर्यंत ऐकू आले होते, धावत्या घोड्यासारखे. आज —

सुयोगला सगळं सांगितलं. वाळे. कबुतरं. झकास हवा. तो भिंतीकडे तोंड करून उभा आहे.

दृष्टबिष्ट काही नव्हतं. मी होते. पोरगी सांगत होती, पहिल्या दिवसापासून सांगत होती, आणि मी घासत बसले —

वाळे मुठीत आहेत. इथे आल्यापासून काळे नाही पडले. देवा, माझं काय ते कर, तिचं तेवढं —

सिस्टर बाहेर आली. तीच ती. खाली बघत म्हणाली, सासूबाई, जरा आत या.

आजी नाही म्हणाली.

आजी म्हण गो बाय. एकदाच आजी म्हण, मग मी येते, मग काय ते —