सात नंबरची विहीर

६ जाने.
मानले एकदाचे! फील्डचे इंजिनीयर पटेलभाई सात नंबरची तेलविहीर माझ्या प्रोग्रामच्या हवाली करणार. शेजारून जमिनीत किती पाणी दाबायचं ते प्रोग्राम ठरवणार, ते पाणी तेलाला सातकडे ढकलणार. अट : आधी कॉम्प्युटरवर चालवून दाखवा. सातमधून तेल थोडं, पाणीच फार येतं. मार्चअखेर सुधारली नाही तर कायमची बंद. "बेन, ये कुआँ है, मोबाइल का गेम नहीं." असू दे. मी हवेत!

९ जाने.
आपटले. कॉम्प्युटरवरची सात बुडाली. तेल वाढेना म्हणून प्रोग्रामने पाणी वाढवलं, तरी वाढेना, अजून वाढवलं... मग सगळं पाणी एकदम सातमध्ये. गणित तीनदा तपासलं. बरोबर आहे मेलं.

१० जाने.
अण्णा पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमधून पाळी संपवून आले. जेवताना आलेख दाखवला. भाकरी मोडता मोडता हसले. "हाई ते नवा ऑपरेटर करस. वाफ सोडी, काटा हालना नही का आखीन सोडी. मंग कापडवर डाग पडतस."
आणि तुम्ही?
"व्हॉल्व जरासा फिरावस, मंग हात मांगे बांधी लेस."
अरे देवा! जमिनीतलं पाणी सातपर्यंत पोचायला आठवडे लागतात आणि माझा प्रोग्राम रोज उत्तर मागतोय. सोडलेलं पण वाटेतच असलेलं पाणी तो धरतच नाही. एवढं शिकून ही अक्कल! ताट टाकून उठले. आई ओरडली.

१७ जाने.
चाललं!! वाटेतलं पाणी हिशेबात घेतलं आणि सात शांत, तेल हळूहळू वर. माझे गाइड सर "बरं आहे" म्हणाले. त्यांच्याकडून हे म्हणजे हारतुरेच.

२० जाने.
खऱ्या विहिरीवर. पटेलभाईंनी पाण्याचा व्हॉल्व फिरवला, जेमतेम पाव फेरा. "बस? इतनाही?" बस. हेल्मेट घालून नाचावंसं वाटलं.

१४ फेब्रु.
पटेलभाईंचा फोन. तेलाचा आकडा तसूभर हललेला नाही, वरचे साहेब रोज विचारतात. "थोडा और खोल दूँ?"
प्रोग्राम म्हणतो नको, पाणी अजून वाटेत आहे.
"आपको पक्का मालूम है?"
"नाही," मी चक्क मराठीत म्हणाले. "पण नको."
 "ठीक छे, बेन. नहीं खोलता." आणि फोन ठेवला.