बऱ्या उंदरांची खबर

ती. अण्णा,
सप्रेम जयभीम.

आपला नागसेन तुम्हाला यकृताचा तुकडा द्यायला तयार झाला, तर तुम्ही म्हणे त्याच्यावरच भडकलात. "माझी अक्षता पुण्यात औषध काढून राह्यली, मंग पोराचं पोट कशाला फाडू?" असं सगळ्या तीर्थपुरीत सांगत फिरता.

जयंतीला घरी आल्ते तेव्हा मीच हौसेनं सांगितलं, की आमच्या प्रयोगशाळेत एका एन्झाइममुळं उंदरांच्या यकृतावर वण पडत न्हाईत. ते खरंच हाय. पण त्या उंदरांना एन्झाइम आधी मिळतं आणि वण पाडणारं विष मागून. वण पडल्यावर दिलं, तर बिलकुल फरक पडत न्हाई. तुमचं यकृत तर वणांनी दगड झालंय.

हे कळल्यावर तुम्ही नागसेनला हो म्हणाल, की जगायची आशाच सोडाल? म्हणून हे पत्र पाकिटात जात न्हाई.

काल फोनवर तुम्ही विचारलं, "उंदरं बरी हायेत का गं?"

मी म्हणले, "बरी हायेत, अण्णा."

यकृत तपासायचं तर उंदीर मारावाच लागतो. बरे होते, तेही मी सकाळीच मारले होते.

तुमची,
अक्षता